वारीचे मुक्काम ठरलेले, मग बसचे थांबे बेभरवशाचे का?

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. ती आदल्या रात्री माळशिरसला असणार, वाटेत खुडूस फाट्यावर रिंगण होणार आणि दुसऱ्या दिवशी भंडीशेगावकडे निघणार, हे गावातल्या शाळकरी पोरालाही आधीपासून ठाऊक असते. याच गावातून रात्री मुंबईच्या बसमध्ये बसणाऱ्या बाईला मात्र गाडी पहिल्यांदा कुठे थांबेल, तिथे स्वच्छतागृह असेल का आणि किती वेळ मिळेल, यातले काहीच ठाऊक नसते. लांबच्या बसप्रवासात त्रास होतो तो केवळ खड्ड्यांनी आणि अवघडलेल्या पाठीने नव्हे. खरा त्रास या अनिश्चिततेचा आहे. तो कमी करायला नवीन गाड्या लागत नाहीत, नवा रस्ताही लागत नाही. थांब्यांचे वेळापत्रक तिकिटावर छापले आणि ते पाळले, तरी बरेच काही साधेल.

वेळापूरच्या प्रवाशाची अडचण वेगळी का?

वेळापूर हे मधले गाव आहे. पंढरपूर-पुणे पालखी मार्ग आणि अकलूज-सांगोला रस्ता इथे एकमेकांना भेटतात. यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे मंदिर, भोवताली उसाचा पट्टा, आणि मुलगा पुण्यात कंपनीत किंवा मुंबईत नोकरीला, असे इथले अनेक घरांचे चित्र आहे. माळशिरस तालुक्यात रेल्वे नाही. फलटण-पंढरपूर मार्गाची मागणी जुनी आहे, पण गाडी धावेपर्यंत लांब जायचे म्हणजे बसनेच जायचे. पुण्याला जायला चार-साडेचार तास, मुंबईला आठ तास आणि वर गर्दीचे जे काही लागतील ते.

मोठ्या बसस्थानकातून सुटणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला निदान फलाट असतो, चौकशी खिडकी असते, गाडी लागेपर्यंत बसायला बाकडे असते. मधल्या गावच्या प्रवाशाला गाडी दुसरीकडून येणार असते. ती पंढरपूर किंवा सांगोल्याहून किती वाजता निघाली, वाटेत किती रखडली, जागा आहे की उभे राहायचे, हे गाडी समोर येईपर्यंत कळत नाही. चौपदरी रस्त्यांमुळे राज्यभर आणखी एक तक्रार वाढली आहे: गाडी गावात न येता बाहेरच्या बाहेर निघून जाते. मग प्रवासी स्थानकात उभा आणि बस फाट्यावरून पुढे, असे होते. ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ ही एसटीची जुनी ओळख. ताशी ८० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीला अंधारात हात दाखवणे किती शहाणपणाचे, हा प्रश्न आहेच.

त्यामुळे वेळापूरहून निघणाऱ्याने पहिली अपेक्षा ही धरावी की, वेळापत्रकातली वेळ ही गाडी सुटण्याच्या ठिकाणची असू शकते, आपल्या गावाची नव्हे. तिकीट काढताना ‘गाडी सुटते कधी’ यापेक्षा ‘आमच्या गावात पोहोचते कधी आणि नेमकी कुठे थांबते’ हे विचारले तर निम्मी धावपळ वाचते.

तिकिटावर काय असते आणि काय नसते?

एसटीच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावर कुठून, कुठे, पूर्ण किती, अर्धे किती, रक्कम, तारीख, वेळ असते. आरक्षित तिकिटावर आसन क्रमांक असतो. खासगी ट्रॅव्हल्सच्या तिकिटावर चढण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण असते. काही ॲपवर गाडी नकाशावर सरकताना दिसते, क्वचित जेवणाच्या थांब्याचाही उल्लेख असतो. पण तो पाळला गेलाच पाहिजे, असे कोणी समजत नाही.

म्हणजे प्रवासाच्या दोन टोकांची माहिती मिळते आणि मधले आठ तास कोरे राहतात. त्या आठ तासांत काय होते, हे रोजच्या प्रवाशाला पाठ आहे. एखादी आजी पुढे जाऊन विचारते, ‘मास्तर, गाडी कुठं थांबंल वो?’ उत्तर येते, ‘थांबंल की पुढं, बसा.’ या ‘पुढं’चा अर्थ वीस मिनिटेही असतो आणि दोन तासही. मास्तरांचा यात दोष नसतो. त्यांनाही ठामपणे सांगता येईल असे काही कागदावर लिहून मिळालेले नसते. ट्रॅव्हल्समध्ये तर विचारायला मास्तरही नसतो. क्लीनर झोपलेला असतो आणि चालकाच्या केबिनचे दार बंद असते.

थांबा नेमका कोण ठरवते?

एसटीत दोन प्रकारचे थांबे असतात. एक बसस्थानके आणि दुसरे महामार्गावरची अधिकृत हॉटेले. या हॉटेलांशी महामंडळ करार करते. अशा थांब्यांवर एसटीच्या प्रवाशाला ३० रुपयांत चहा आणि नाश्ता देण्याची योजना काही वर्षांपूर्वी जाहीर झाली होती. आपल्या गाडीतल्या किती जणांना ती माहीत आहे, हे सहज विचारून पाहावे. खासगी गाड्यांचा ढाबा मालक आणि चालक यांच्या सोयीने ठरतो. चालकाला जेवण फुकट आणि प्रवाशाला दुप्पट दराने, हे उघड गुपित आहे. गाडी थांबते ती भूक किंवा लघवी यांच्या वेळेला नव्हे, तर त्या ढाब्याच्या अंतरावर.

यावर कोणी म्हणेल, हॉटेलने धंदा करू नये का? जरूर करावा. पण प्रवाशाला दुसरा पर्याय नसलेल्या ठिकाणी धंदा करणाऱ्याकडून तीन गोष्टी मागता येतात. चालू आणि उजेड असलेले स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि दरफलक. ज्या हॉटेलात या तीन गोष्टी नाहीत, तिथे ५० माणसांची गाडी उभी करण्याचा परवाना कोणाला नसावा.

पाणी न पिता प्रवास कोण करते?

बायका करतात. हे कुठल्या अहवालात शोधायची गरज नाही, घरात विचारले तरी कळेल. रात्रीच्या गाडीला जायचे म्हणून दुपारनंतर पाणी बंद. चहा नको, ताक नको, कलिंगडाची फोड नको. गाडी रस्त्याकडेला थांबली की पुरुष खाली उतरतात आणि अंधारात तोंड फिरवून उभे राहतात. बायका खिडकीतून पाहत बसतात. पाळी असलेली मुलगी, सहाव्या-सातव्या महिन्यातली गरोदर बाई, मधुमेहाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा, तीन वर्षांचे पोर घेऊन निघालेली आई यांच्यासाठी ‘थांबंल की पुढं’ हे उत्तर शिक्षेसारखे असते. लघवी तुंबवल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो आणि पाणी तोडल्याने तो आणखी वाढतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मी सवलत. या दोन निर्णयांमुळे घराबाहेर पडणे ज्यांना परवडत नव्हते त्या गाडीत बसू लागल्या. माहेर, दवाखाना, देवदर्शन, मुलाचे घर जवळ आले. ही मोठी गोष्ट आहे. पण ज्यांना आपण बोलावले त्यांच्या गरजांप्रमाणे प्रवासाची आखणी बदलली का? तिकीट निम्मे झाले, स्वच्छतागृहांची संख्या होती तीच राहिली. महिलांना मोफत मुतारीचा हक्क हवा म्हणून मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली, त्याला दशक उलटून गेले. गावाकडच्या स्थानकांत आजही ‘मोफत’ असा फलक वर आणि खाली बाकड्यावर पाच-दहा रुपये घेणारा माणूस, ही तक्रार ऐकू येते.

चालकाच्या विश्रांतीबद्दल कायदा काय सांगतो?

थांबा छापण्याची मागणी केली की पहिले उत्तर येते, ‘वाहतूक कोंडी असते, थांबे आधी कसे सांगणार?’ हे उत्तर टिकत नाही, कारण थांबणे हे कायद्यानेच आवश्यक आहे. कामगार कायद्यानुसार चालकाचे काम साधारणपणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांपुरते असावे. लांब पल्ल्यासाठी काही सूट आहे, पण तिलाही मर्यादा आहे. सलग ५ तासांहून जास्त काम न करता किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असेही त्यात आहे.

म्हणजे आठ तासांच्या गाडीला अर्ध्या तासाचा एक थांबा हा चालकाचा हक्क आहे. तो कुठे घ्यायचा हे आधी ठरवणे शक्य आहे आणि ठरवले नाही तरच शंका घ्यावी. जी गाडी रात्रभर एकाच चालकाच्या हाती, न थांबता, ‘लवकर पोहोचवतो’ म्हणत पळते, तिचे कौतुक करू नये. पहाटेच्या वेळी डोळा लागलेला चालक आणि चौपदरी रस्ता ही जोडी किती महागात पडते, ते आपण वर्षानुवर्षे बातम्यांत वाचतो. गाडीत दुसरा चालक आहे का, हे विचारणे अगोचरपणा नाही. तो आपल्या जिवाचा प्रश्न आहे.

एसटी की ट्रॅव्हल्स?

हा वाद पारावर कायम रंगतो. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीची ताकद तिच्या जाळ्यात आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूज, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, बार्शी अशी आगारे आहेत. गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्या एसटीत बसवून देण्याची सोय आहे. सवलती आहेत. भाडे सरकारी दराने असते आणि टप्प्यांप्रमाणे ठरते. जानेवारी २०२५ मध्ये ते १४.९५ टक्क्यांनी वाढले, पण दिवाळीत आज एक आणि उद्या दुसरेच असे होत नाही. उणीव ही की जुन्या गाड्या, मोडक्या खिडक्या आणि २०२१-२२ च्या संपानंतर कित्येक मार्गांवर कमी झालेल्या फेऱ्या.

ट्रॅव्हल्सची जमेची बाजू म्हणजे झोपायची सोय, वातानुकूलन आणि शहरात घराजवळ उतरण्याची शक्यता. उणे बाजू म्हणजे भाडे. दिवाळी, उन्हाळी सुट्टी, आषाढी-कार्तिकी आली की दर दुप्पट-तिप्पट होतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसला त्याच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडे आकारता येत नाही. जास्त घेतले तर परिवहन विभागाकडे तक्रार करता येते. आपल्या तालुक्याला त्यासाठी सोलापूरला जावे लागत नाही, एमएच ४५ चे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय अकलूजमध्येच आहे. तक्रारीला तिकीट किंवा पैसे भरल्याचा संदेश जोडावा. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

स्लीपर गाडीत चढल्यावर आधी काय पाहावे?

मोबाइल चार्जिंगची जागा नंतर पाहावी. आधी बाहेर पडायची वाट पाहावी. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस अपघातानंतर पेटली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली, २५ जण गेले. अशा आगीत बाहेर पडायला मिनिटभरच हाती असते. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला अंधारात आणि धुरात दार सापडत नाही.

म्हणून गाडीत शिरताच आपत्कालीन दार कुठल्या बाजूला आहे, ते पाहावे. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का, छतावरची झडप कुठे आहे, हे पाहावे. दोन बर्थांमधल्या वाटेत पोती, खोकी रचलेली असतील तर ती हलवायला सांगावे. ट्रॅव्हल्समधून पार्सलची वाहतूक सर्रास होते. डिकीत किंवा टपावर काय भरले आहे, हे प्रवाशाला कळत नाही. गॅसची शेगडी, फटाके, पेट्रोलचा कॅन दिसला तर गप्प बसू नये. मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मोबाइलमध्ये हवेत. एसटीबद्दलच्या तक्रारीसाठी १८०० २२ १२५० हा मोफत क्रमांक आहे.

प्रवाशाने आपली तयारी कशी करावी?

यंत्रणा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर काही गोष्टी आपल्या हाती आहेत. गाडी लागत असेल तर मागच्या चाकावरची आणि शेवटच्या बाकड्यावरची जागा टाळावी, चालकामागच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसावे, पुढे रस्त्याकडे पाहावे. निघण्याआधी तेलकट खाऊ नये, पण उपाशीही राहू नये. भाकरी-चटणी, दशम्या, केळी हा जुना शिधा ढाब्यावरच्या लाल तर्रीपेक्षा केव्हाही बरा. पाणी तोडू नये, थोडे थोडे प्यावे. पायाला सूज येणाऱ्यांनी बसल्या जागी घोटे फिरवावेत आणि प्रत्येक थांब्यावर उतरून चार पावले चालावे. औषधे, चष्मा, पैसे, आधार कार्ड हे सगळे पायाशी ठेवलेल्या छोट्या पिशवीत असावे, डिकीतल्या बॅगेत नव्हे. सवलतीच्या तिकिटाला ओळखपत्र लागते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट असते, त्याच्या वयावरून वाद होण्यापेक्षा पुरावा जवळ ठेवावा. थांब्यावर उतरताना गाडीचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपावा, कारण ढाब्यावर एकसारख्या दहा गाड्या उभ्या असतात. शेजाऱ्याला ‘मी खाली उतरतोय’ असे सांगून उतरावे. मास्तरांनी माणसे मोजली तरी झोपाळलेल्या गाडीत चूक होऊ शकते.

आणि गाडीत चढताच, पैसे देतानाच विचारावे: पहिला थांबा कुठे, किती वाजता, किती वेळ? एकाने विचारले तर उत्तर ‘बघू’ असे येते. दहा जणांनी रोज विचारले तर ते कागदावर येते.

थांबे छापणे खरेच अवघड आहे का?

पुन्हा वारीकडे पाहू. १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली, असे मानले जाते. दिंड्यांचे क्रम ठरले, सकाळचा विसावा, दुपारचा नैवेद्य, रात्रीचा मुक्काम ठरला. लाखो माणसे पायी चालतात, पाऊस येतो, कुणी आजारी पडते, बैल बसतो. तरी लोणंद, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर हा क्रम आणि त्याच्या तारखा आधी छापल्या जातात आणि पाळल्या जातात. कुठे टँकर लागेल, कुठे फिरती शौचालये उभी राहतील याची आखणी त्या वेळापत्रकावरूनच होते. ‘निर्मल वारी’सारखा उपक्रम शक्य झाला तो मुक्काम ठरलेला असल्यामुळे. थांबाच ठरलेला नसता तर शौचालय कुठे उभे केले असते?

बसचेही नेमके तसेच आहे. थांबा ठरला की त्या जागी स्वच्छतागृह आहे की नाही हे तपासता येते, नसेल तर जबाबदार कोण ते विचारता येते. तो ठरलेला नाही म्हणून कोणाचीच जबाबदारी नाही. एसटीने गाडीचा ठावठिकाणा कळवणारी यंत्रणा बसवण्याचे काम हाती घेतले आहे, ते चांगले आहे. पण गाडी कुठे पोहोचली हे कळण्याइतकेच ती कुठे थांबणार हे कळणे गरजेचे आहे आणि त्याला उपग्रह लागत नाही. तिकिटाच्या तळाशी एक ओळ पुरेल: पहिला थांबा अमुक, सुमारे इतक्या वाजता, वीस मिनिटे, स्वच्छतागृह आहे. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर प्रवासी समजून घेतील. आजही ते समजूनच घेत आले आहेत.

खासगी गाड्यांसाठी ही अट परवान्यात घालावी. एसटीसाठी सुरुवात रातराणी आणि २०० किलोमीटरहून लांबच्या गाड्यांपासून करावी. दर अडीच-तीन तासांनी चालू स्वच्छतागृह असलेला थांबा, तिथे महिलांसाठी उजेड आणि आतून लागणारी कडी, आणि गाडी सुटण्याआधी मास्तरांनी एकदा मोठ्याने थांबे सांगणे. एवढे झाले तर वेळापूरच्या फाट्यावरून रात्री गाडीत चढणारी बाई दुपारपासून पाणी सोडणार नाही. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे एसटीचे ब्रीद आहे. त्यातले सुख मोजायचे तर सुरुवात इथून करावी.